मे महिन्यात ईईजीचं थेट प्रात्यक्षिक: काय सांभाळायचं?

प्रश्न: संभाजीनगरला मूलभूत संशोधक आणि न्यूरॉलॉजिस्ट यांची एकत्र परिषद आहे. तिथे ईईजी, म्हणजे डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, थेट दाखवायची आहे. हॉल साधाच, एसी बेभरवशाचा. सिग्नल स्वच्छ कसा ठेवायचा?

उत्तर १: आधी घाम आवरा. त्याने ०.५ हर्ट्झच्या आसपास संथ लाटा येतात, बेसलाइन (नोंदीची मूळ रेषा) तरंगते. कूलर नकोच, दमटपणा वाढतो आणि मोटारीचा त्रास वेगळा. स्वयंसेवकाला आदल्या रात्री शाम्पू करायला सांगा. डोक्याला तेल लावून आला तर संपलंच. टाळू घासून इलेक्ट्रोडची वाहक पेस्ट लावा, इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा) ५ किलोओहमखाली आणा.

उत्तर २: ५० हर्ट्झ (घरच्या विजेचा आवाज) दिसला की लगेच नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता गाळणारा) लावू नका. एकाच चॅनलवर असेल तर तो इलेक्ट्रोड सुटलाय. सगळीकडे असेल तर ग्राउंड किंवा रेफरन्स (सगळ्या चॅनलना सामाईक असलेले इलेक्ट्रोड) तपासा.

उत्तर ३: डेटा कच्चाच साठवा, फिल्टर फक्त पडद्यावर. डोळे मिटायला लावा, ओ१-ओ२ (डोक्याच्या मागच्या बाजूचे इलेक्ट्रोड) वर ८ ते १३ हर्ट्झचा अल्फा ताल बहुतेकांत उमटतो.