पोस्टरवरची पट्टी: 'फक्त प्रौढांसाठी' पिक्चरचे तुमचे अनुभव

खळवाला
गणपतीसाठी माळा आवरताना बाबांची पोस्टरं चिकटवायच्या खळीची बादली सापडली. बाबा आमच्या टॉकीजची पोस्टरं लावायचे, सायकलवरून, एसटी स्टँड ते बंदर. जूनमध्ये होड्या वर ओढल्या, खलाशी मोकळे झाले की मालक 'तसले' पिक्चर आणायचे. पोस्टरवर नेमक्या जागी कागदाची पट्टी चिकटवायची, हेही बाबांचंच काम. पट्टीवर लिहिलेलं असायचं 'आज शेवटचा खेळ'. हा शेवटचा खेळ आठवडाभर चालायचा. पट्टी जितकी रुंद तितकी गर्दी, असा बाबांचा हिशोब.

नोकरीला लागल्यावर मी पहिला पाहिला तो 'हर नाइट्स'. मूळ मल्याळम 'अवळुडे रावुकळ', १९७८चा, आय. व्ही. शशीचा. पोस्टरवर नुसत्या शर्टातली नायिका सीमा. आत काय, तर देह विकून धाकट्या भावाला वाढवणारी अनाथ बाई. डोळे पुसत बाहेर आलो, मित्र आठवडाभर हसत होते.

तुमचं येऊ द्या.

झिलग्या
अरे मेल्या, तुझ्या बापाशीन लावलेली पट्टी आमी पावसात भिजान सुटाची वाट बघूक उभे रवायचो! पट्टी सुटाची नाय, पोस्टर फाटायचा. खळ लय घट्ट.

रातांबा
वरून पत्रा, पत्र्यावर पाऊस, संवाद शून्य ऐकू यायचे. कुणाला हवे होते म्हणा. एकदा ऐन सीनला लाईट गेली. मॅनेजर बिचारा पेट्रोमॅक्स घेऊन आत आला तर अख्खं थिएटर ओरडलं, "बत्ती नको! बत्ती नको!" पाऊण तास दीडशे माणसं काळोखात गप्प. खोकला आला तरी दाबत होतो, आवाजावरून ओळखतील म्हणून.

खाडीपलीकडचा
तुकडे कुणालाच आठवत नाहीत? ऑपरेटर मध्येच भलत्याच पिक्चरची दोन मिनिटं जोडायचा. आपली हिरॉइन विहिरीवर पाणी भरतेय आणि एकदम गोरी बाई, खिडकीबाहेर बर्फ! परत विहीर. बाहेर चिपळूणचा पाऊस, आत बर्फ.

सुरंगी
आमचं घर थिएटरच्या भिंतीला लागून. एकही पाहिला नाही, पण सगळे ऐकलेत. दार आपटणं, किंकाळी, शिट्ट्या. आई भांडी जोरजोरात घासायला घ्यायची. तुमच्या गमती वाचून हसले, पण त्यातल्या निम्म्या पोस्टरांवर बलात्कारच विकायला ठेवलेला असायचा. त्या किंकाळीवर शिट्ट्या पडायच्या. ते मला अजून 'कल्ट' वगैरे म्हणवत नाही.

रातांबा
@सुरंगी खरंय. तेव्हा सुचलंच नाही हे.

जुनी रीळ
बायकांचंच नुकसान झालं यात. नटी रेहाना सुलतान पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची, 'दस्तक'साठी राष्ट्रीय पुरस्कार घेतलेली. पण १९७०च्याच 'चेतना'तल्या वेश्येच्या भूमिकेनंतर लोकांनी तिला एकाच साच्यात बसवलं. मला या पिक्चरांत आवडतो तो त्यांचा कंगालपणा. तोच बंगला, तोच लाल बल्ब, हिरोचा विग वाऱ्याने हलतोय आणि तरी कॅमेरा चालूच. २०२३ची 'सिनेमा मरते दम तक' मालिका बघा, अशा चार दिग्दर्शकांना परत पिक्चर करायला दिलाय. चेष्टा करायला बसलो होतो, जमली नाही.

भाऊचा धक्का
यात दादा कोंडके धरायचे का?

झिलग्या
नाय हां! दादांचो पिक्चर आमी आवशीक घेवन बघलेलो. तिका सगळा कळायचा, आमका नाय.

मोदकपात्र
विषयांतराबद्दल सॉरी. ती खळ कशी करायची? पोरांना कंदील करायचाय, बाजारचा गोंद सादळतो.

खळवाला
@मोदकपात्र मैदा गार पाण्यात कालवून मग शिजवायचा, गुठळी नको. बाबा चिमूटभर मोरचूद घालायचे, कसर लागत नाही. पण ते विष आहे, पोरांच्या हाती नको.

@सुरंगी बाबांना आत्ता वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या भिंतीकडच्या घरातली भांडी आम्हाला आत ऐकू यायची."

सुरंगी
अगं बाई! आईला सांगते.

झिलग्या
थेटराचा आता मंगल कार्यालय जाला. माझा लगीन थंयच. स्टेजवर उभो रवलंय आणि हसाक इला.