बिडी वळणाऱ्या घरांतील मुलांना तंबाखू, दारू आणि औषधांविषयी कसे शिकवावे?

प्रश्न : प्राथमिक शिक्षिका, निपाणी परिसर

नमस्कार. मी निपाणीजवळच्या एका सरकारी मराठी शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. व्यसनांचा विषय दरवर्षी येतो आणि दरवर्षी तीच अडचण उभी राहते, म्हणून ती येथे मांडत आहे. माझ्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या आया घरी बिडी वळतात किंवा वखारीत तंबाखू चाळायला जातात, आणि काहींच्या शेतात तंबाखूच असते. शाळा सुटली की मुली आईशेजारी बसून कात्रीने पाने कापतात, बिड्यांची तोंडे मुडपतात, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधू लागतात. अशा वर्गात ‘तंबाखू हे विष आहे’ असे फळ्यावर लिहिले की मुले माना खाली घालतात. यंदा सहावीतल्या एका मुलीने सरळ विचारले, “बाई, तंबाखू एवढी वाईट असेल तर सरकार आमच्या आईला बिडी कामगाराचे कार्ड कशाला देते?” मुलीचा प्रश्न खरा आहे आणि तिला खरे उत्तर मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट औषधांची. मुलांच्या घरी आजीची रक्तदाबाची गोळी, आईची लोहाची गोळी आणि मागच्या तापातले उरलेले सिरप हे सारे एकाच डब्यात असते. मधल्या सुट्टीत मुले एकमेकांना डोकेदुखीची गोळी देतात आणि त्यात काही वावगे आहे असे त्यांना वाटत नाही. औषध, तंबाखू आणि दारू हे तिन्ही विषय एकत्र शिकवावेत का, आणि घाबरवून सांगावे की समजावून, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

उत्तर : आरोग्य सेविका, निपाणी

बाई, मी स्वतः बिडी वळणाऱ्या आईची मुलगी आहे आणि आमची शिक्षणे त्याच पैशावर झाली, त्यामुळे त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते. कार्ड हे आईच्या श्रमाला मिळालेली ओळख आहे. काम अंगावर घेऊन करणाऱ्या बाईला दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती आणि कामगार म्हणून हक्क मिळावेत यासाठी ते असते, आणि तंबाखू चांगली असल्याचा दाखला त्यावर कुठेही नसतो. आपल्या भागातील शेतकरी १९८१ साली तंबाखूच्या रास्त भावासाठी महामार्गावर बसले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला, हे मुलांनी आजोबांकडून ऐकलेले असते. पिकवणाऱ्याचा आणि वळणाऱ्याचा मान राखून त्या मालाचे दुष्परिणाम सांगता येतात. आईला दोषी ठरवणारे वाक्य वर्गात एकदा उच्चारले गेले की पुढचे काहीही त्या मुलाच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून सुरुवात फळ्यावरून न करता हातांपासून करावी. खुडणीच्या दिवसांत तंबाखूच्या शेतात गेलेल्या मुलांना तो काळपट, चिकट चीक ठाऊक असतो. साबणाने धुतला तरी हात कडू लागतात आणि त्याच हाताने भाकरी मोडली की घासही कडू होतो. पहाटेच्या दवात ओली पाने हाताळल्यावर चक्कर येते, मळमळते, उलटी होते, हेही काहींनी पाहिलेले असते. ओल्या पानांतील निकोटीन कातडीतून शरीरात शिरते, त्याचा हा परिणाम असतो, आणि मुलांचे वजन कमी असल्याने त्यांना तो लवकर बाधतो. तंबाखू तोंडात न घालतासुद्धा एवढे होते, हे एकदा कळले की धुराचे आणि मिशरीचे पुढे फारसे समजावून सांगावे लागत नाही. निकोटीन धुरावाटे काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे त्याची मागणी निर्माण करते. कोवळ्या मेंदूत ही मागणी अधिक लवकर रुजते, म्हणूनच शाळेच्या वयात लागलेली सवय सुटायला सर्वांत अवघड जाते. बिडीत तंबाखू थोडी असते, तेव्हा ती सिगारेटपेक्षा सौम्य असणार, हा आपल्याकडचा समजही काढून टाकायला हवा. पान जाड असल्याने बिडी विझू नये म्हणून जोराने आणि वारंवार ओढावी लागते, आणि निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा अधिकच छातीत जातात.

मिशरीविषयी मात्र घरातील आज्यांशीही बोलावे लागेल. दात दुखला की लहान मुलाच्या हिरडीवर मिशरी चोळण्याची रीत अजून आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, आणि जे मंजन म्हणून विकता येत नाही ते चुलीवर भाजून मुलाच्या तोंडात घालू नये, एवढे सांगितले तर आज्या ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

मुलांना घरी करण्यासारखे काहीतरी द्यावे. तंबाखूचे सूप रांगत्या बाळापासून दूर ठेवणे, झोपायच्या आणि स्वयंपाकाच्या जागी तंबाखू न चाळणे, आईने बाळाला घेण्यापूर्वी हात साबणाने धुणे, या गोष्टी मुले आईला न दुखवता सांगू शकतात. मुलांनी स्वतः बिड्या वळणे हे मात्र बालमजुरीच्या कायद्यात धोकादायक काम म्हणून नोंदलेले आहे, आणि ते पालकांना सांगण्याची जबाबदारी आपण मोठ्यांची आहे. मुलीच्या तोंडून ते वदवून घेऊ नये.

उत्तर : औषधविक्रेता, खानापूर

शिक्षिका भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो. माझ्या मते औषधांचा पाठ आधी घ्यावा आणि तंबाखू-दारूचा नंतर. एखादा पदार्थ किती प्रमाणात, कोणाच्या शरीरात आणि कोणाच्या सांगण्यावरून जातो, हे मूल औषधावरून शिकते, आणि त्या समजुतीवर पुढचे सारे उभे राहते.

आपल्या शाळांत दर आठवड्याला लोहाची गोळी दिली जाते, लहान मुलांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी. ती शिक्षकांच्या देखत एकच घेतली जाते, म्हणून ती औषध असते. तेच लोह घरात गरोदर आईच्या लाल गोळ्यांच्या रूपाने डब्यात असते, आणि दोन-तीन वर्षांच्या बाळाला त्या गोळ्या जेम्ससारख्या दिसतात. पंधरा किलो वजनाच्या बालकाने ६० मिलिग्रॅम लोहाच्या पाच-सहा गोळ्या गिळल्या तरी उलट्या आणि पोटदुखी सुरू होऊ शकते, आणि याहून अधिक गेल्यास जिवावर बेतते. यातील सर्वांत फसवा भाग असा, की काही तासांनी उलट्या थांबतात, बाळ बरे झाल्यासारखे वाटते, घरचे निर्धास्त होतात आणि त्यानंतर यकृत बिघडू लागते. त्यामुळे बाळ खेळू लागले तरी दवाखान्यात न्यायचेच, हे मोठ्या भावंडांना माहीत असावे, कारण आई कामावर असताना घरात तीच असतात.

तापाच्या औषधाचेही तसेच आहे. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे सिरप मिळते, २५० चेही मिळते, आणि तान्ह्या बाळांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात. म्हणजे थेंबांच्या बाटलीतून पाच मिलिलिटर पाजले तर १२० च्या सिरपच्या चौपटीहून अधिक औषध पोटात जाते. चहाचा चमचा प्रत्येक घरात निराळा असतो. बाटलीबरोबर आलेले मापाचे टोपण टाकून देऊ नये. खोकल्याच्या औषधाबाबत तर फारच सावध राहावे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुले दगावली, त्यानंतर केंद्र सरकारने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सर्वसाधारणपणे टाळावीत, असे सर्वांना कळवले.

वर्गात एक गोष्ट अवश्य करून पाहावी. पालकांकडून औषधांची रिकामी खोकी मागवावीत आणि त्यांवरची मुदत, मात्रा व लाल रेघ मुलांना शोधायला सांगावी. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. आपल्या सीमाभागात वेष्टन इंग्रजीत, दवाखान्यातील फलक कन्नडमध्ये आणि मुलांचे शिक्षण मराठीत अशी स्थिती असल्याने घरातील मोठ्यांना ही रेघ आणि तारीख दाखवणारे बहुधा ते मूलच असते. आणखी एक : दुकानात दोन-तीन गोळ्या कापून मागितल्या की मुदतीचा कोपरा पट्टीच्या एखाद्याच तुकड्यावर राहतो आणि बाकीचे तुकडे बिनतारखेचे होतात. मुदतीची कडा शेवटपर्यंत राहील अशी कापून मागावी, आम्ही देतो.

कीटकनाशक किंवा रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय शेतघरांत फार आहे. कोणी ते प्यायलेच तर उलटी करायला लावू नये, मीठ-पाणी पाजू नये, १०८ ला फोन करावा आणि ती बाटली सोबत घेऊन जावे.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, चिकोडी

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. फक्त ‘घाबरवू नये’ याचा अर्थ ‘आजार दाखवू नये’ असा कोणी घेऊ नये. मुलांना पाहण्याचा अधिकार आहे. वर्गातील प्रत्येकाने तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालून पाहावीत. साधारणपणे ती सहज जातात. सुपारी, गुटखा आणि पानमसाला खाणाऱ्यांत गालाच्या आतील त्वचा हळूहळू ताठ होते, तिखट सोसवत नाही, मग दोन बोटे आणि पुढे एकच बोट जेमतेम जाते, आणि अशा तोंडात कर्करोगाचा धोका बराच वाढतो. हा आजार नुसत्या सुपारीनेही होतो, तंबाखू नसली तरी, आणि गोड सुपारीची पुडी पाचवीतले मूल खाऊ समजून विकत घेते, ही मला सर्वांत काळजीची बाब वाटते. कर्नाटकात गुटख्यावर २०१३ पासून बंदी आहे, तरी पानमसाल्याची आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी विकत घेऊन तळहातावर एकत्र केली जाते, हे मुले रोज पाहतात. त्यांच्यापासून ते लपवण्यात अर्थ नाही.

दारूबाबत दोन गोष्टी आवर्जून शिकवाव्यात. स्वस्त दारू आता नव्वद मिलिलिटरच्या कागदी पाकिटात मिळते आणि ते पाकीट फळांच्या रसासारखे दिसते. जत्रेनंतर शेताच्या बांधावर अर्धवट भरलेली पाकिटे पडलेली असतात, तेव्हा कुठेही सापडलेले पेय पिऊ नये, हा नियम पहिलीपासून सांगावा. दुसरे म्हणजे सर्दीसाठी लहान मुलाला चमचाभर ब्रँडी पाजण्याची घरगुती रीत. मुलाच्या यकृतातील साखरेचा साठा थोडा असतो, दारूमुळे नवी साखर तयार होणे थांबते, रक्तातील साखर एकाएकी उतरते आणि मूल आकडी येऊन बेशुद्ध पडू शकते. ‘औषधापुरती दारू’ असा प्रकार मुलांच्या बाबतीत नाही.

ज्या मुलाच्या घरी वडील रोज पिऊन येतात, त्याच्यासाठी वर्गातील पाठ पुरेसा नसतो. त्याला बाजूला घेऊन, रात्री भीती वाटली तर कोणत्या शेजाऱ्याकडे जायचे हे त्याच्याशी बोलून ठरवावे आणि मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक पाठ करून घ्यावा. वडिलांचे पिणे त्याच्यामुळे नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. अनेक मुले ते ओझे मुकाट्याने वाहत असतात.

शिक्षिका, निपाणी परिसर

आपण सर्वांनी इतक्या तळमळीने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. औषधांचा पाठ आधी घेण्याची सूचना मला पटली आणि पुढील आठवड्यात खोक्यांपासूनच सुरुवात करणार आहे. एक शंका उरते. मुले सांगतात की वडील त्यांनाच पुडी किंवा बिडी आणायला दुकानात पाठवतात. नकार देण्यास मुलांना शिकवले तर घरी मार बसेल, ही भीती आहे.

उत्तर : पालक व एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) सदस्य, बेळगाव तालुका

बाई, हा भार मुलावर टाकूच नये. तो दुकानदारावर टाकावा. अल्पवयीन मुलाला तंबाखू विकणे गुन्हा आहे, मग ते मूल ‘वडिलांसाठी’ म्हणाले तरी त्यात सूट नाही, आणि कर्नाटकाने केलेल्या दुरुस्तीनंतर ही वयोमर्यादा १८ वरून २१ झाली आहे. मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास बाल न्याय अधिनियमाच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आमच्या गावात आम्ही एसडीएमसीच्या बैठकीत ठराव केला, शाळेभोवती ज्या अंतरापर्यंत तंबाखू विकता येत नाही त्याची पिवळी रेघ रस्त्यावर आखून घेतली आणि दुकानदारांना ठरावाची प्रत नेऊन दिली. आता मूल दुकानात गेले तर दुकानदारच म्हणतो, “बाळ, तुला देता येत नाही, बाबांना पाठव.” मुलाला नकार द्यावा लागत नाही आणि वडिलांना स्वतः यावे लागते. ठरावाचा मसुदा हवा असल्यास येथे कळवा, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत देतो. पंचायतीकडे कन्नड प्रत लागते.

आणि पालकसभेत तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा विनाशुल्क क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा. तो तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो, पण फोन केला की पलीकडून समुपदेशक बोलतो आणि सवय सोडायला मदत करतो, हे आमच्या सभेत बहुतेकांना ठाऊक नव्हते.