मदत हवी आहे: पॅडॉकच्या गेटवर माणसं कशी आवरायची?

नमस्कार मंडळी. मी कॅनडातल्या ओंटारियोत घोड्यांच्या शर्यतीच्या एका हार्नेस ट्रॅकवर सिक्युरिटीत आहे. इथे पाठीवर जॉकी नसतो. स्टँडर्डब्रेड जातीचा घोडा सल्की नावाच्या हलक्या दोनचाकीला जुंपून पळवतात. शर्यतीआधी घोडे पॅडॉक नावाच्या आवारात असतात आणि तिथे फक्त लायसन्सवाल्यांनाच प्रवेश.

मुख्य धास्ती असते ती ‘मिल्कशेक’ची. नाकातून नळी घालून बेकिंग सोडा पोटात सोडतात, म्हणजे स्नायूंना थकवा उशिरा जाणवतो. सोड्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, म्हणूनच तो तपासतात. पण ते झालं नंतरचं. मुक्या जनावराच्या नाकात नळी जाऊच नये, असं मला वाटतं.

गेल्या शनिवारी घोड्याचा ट्रेलर आत घेताना गेट उघडं राहिलं आणि मागोमाग दोघं शिरले. एकाच्या गळ्यात बॅज होता, पण उलटा. नंतर एका घोड्याच्या ठाणाबाहेर झाकलेली बादली सापडली. नुसतं पाणी निघालं, पण कुणाची ते कळलंच नाही. मला रात्रभर झोप आली नाही.

ऐनवेळी ग्रूम (घोड्याची देखभाल करणारा) बदलला तर नोंद कशी ठेवता? मालकाच्या पाहुण्यांना न दुखावता कसं थांबवता? बादल्या-पिशव्या गेटवरच तपासाव्यात का? रात्री गेटवर मी एकटाच असतो. पुण्याच्या किंवा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, तबेल्यात काम केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा. पुढची शर्यत शुक्रवारी आहे.