शब्दचर्चा : विषाणूचा ‘प्रकार’ म्हणावे की ‘वंशशाखा’?

प्रश्न : एका अहवालाच्या मराठी रूपांतराचे शीर्षक ‘शेळ्या-मेंढ्यांमधील विषाणूसंसर्ग आणि त्यांची आनुवंशिक विविधता’ असे आहे. आत ‘पीपीआरचा चौथा प्रकार’ आणि ‘नीलजिव्हेचे अनेक प्रकार’ हे शब्दप्रयोग एकाच परिच्छेदात आले आहेत (पीपीआर आणि नीलजिव्हा हे शेळ्या-मेंढ्यांचे दोन वेगळे विषाणूजन्य रोग). शीर्षकातील ‘त्यांची’ नेमके कोणाला लागू होते आणि ‘प्रकार’ हा शब्द दोन्ही ठिकाणी चालेल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : आधी शीर्षकाबद्दल. ‘त्यांची’ वाचताच मन शेळ्या-मेंढ्यांकडे जाते आणि उस्मानाबादी, संगमनेरी शेळी किंवा दख्खनी, माडग्याळ मेंढी यांच्या जातींतील विविधतेविषयी काही वाचायला मिळेल, असे वाटते. त्यात ‘आनुवंशिक’ या शब्दाने घोटाळा वाढतो, कारण आई-बापांकडून पिल्लांत उतरते ते आनुवंशिक, अशीच त्या शब्दाची आपल्याकडची रूढ समजूत आहे. रोगाच्या शेजारी तो आला की हा रोगच पिढीजात आहे असा अर्थ लागतो. येथे विविधता विषाणूच्या जनुकांतील आहे, म्हणून ‘शेळ्या-मेंढ्यांना होणारे विषाणूसंसर्ग आणि त्या विषाणूंची जनुकीय विविधता’ असे लिहावे. शीर्षक थोडे लांबते, पण संदिग्ध राहत नाही.

‘प्रकार’ या शब्दाबद्दल मात्र मी आग्रहाने लिहितो, कारण त्याचा परिणाम मी मेंढ्यांच्या वाड्यावर पाहिला आहे. पीपीआरच्या एका लसीकरणाच्या वेळी वाटलेल्या पत्रकात ‘आपल्या भागात चौथ्या प्रकारचा विषाणू आढळतो’ असे वाक्य होते. मुलाकडून ते वाचून घेतल्यावर एका वयस्क मेंढपाळाने कोकरू काखेत धरूनच विचारले, “मग ही लस कितव्या प्रकारची हाय, साहेब? गेल्या साली टोचलेली वाया गेली का?” त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. चूक पत्रकातल्या शब्दाची होती.

पीपीआरच्या विषाणूच्या चार वंशशाखा मानल्या जातात. एन किंवा एफ या जनुकाच्या ठरावीक भागाचा अनुक्रम वाचून कोणता विषाणू कोणाच्या जवळचा आहे हे पाहतात आणि त्यावरून शाखा ठरवतात. भारतात प्रामुख्याने चौथी शाखा आढळते. पूर्वी आशियाची मानली जाणारी ही शाखा आता आफ्रिकेतही पसरली आहे. येथे ‘चौथी’ हा केवळ क्रमांक आहे, त्यावरून रोग किती घातक आहे हे कळत नाही. मुख्य म्हणजे शाखा चार असल्या तरी सीरोटाइप (शरीराची प्रतिकारशक्ती वेगळा म्हणून ओळखते तो गट) एकच आहे, म्हणजे एका शाखेविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिकारशक्ती बाकीच्या शाखांनाही अडवते. भारतातील प्रचलित लस हिमाचल प्रदेशातील सुंग्री येथील विषाणूपासून उत्तराखंडातील मुक्तेश्वरला तयार झाली आणि ती चौथ्या शाखेची आहे. आफ्रिकेत प्रचलित असलेली ‘नायजेरिया ७५/१’ ही लस दुसऱ्या शाखेची असूनही चारही शाखांपासून संरक्षण देते. म्हणून त्या मेंढपाळाला, टोचलेली लस वाया गेलेली नाही, असे निःशंकपणे सांगता आले.

नीलजिव्हेची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. चिलटांमार्फत पसरणाऱ्या या विषाणूचे दोन डझनांहून अधिक सीरोटाइप आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवीलच असे नाही. त्याचा जीनोम, म्हणजे जनुकांचा संपूर्ण संच, दहा तुकड्यांचा असल्यामुळे दोन वेगळे विषाणू एकाच जनावराच्या पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन नवी जुळणी तयार होऊ शकते. भारतातील लसीत १, २, १०, १६ आणि २३ असे पाच सीरोटाइप एकत्र घातलेले आहेत ते एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पुरेलच असे नाही म्हणूनच. तेथे ‘कितव्या प्रकारची लस?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तेव्हा पीपीआरसाठी ‘वंशशाखा’ आणि नीलजिव्हेसाठी ‘सीरोटाइप’ असे दोन वेगळे शब्द ठेवावेत. ‘प्रकार’ दोन्हीकडून काढावा.

प्रश्नकर्ता : आपले आभार. ‘वंशशाखा’ऐवजी ‘वंशावळ’ अधिक ओळखीचा वाटतो, तो घ्यावा का? शिवाय अहवालात पीपीआरला ‘बुळकांडी’ म्हटले आहे, ते योग्य आहे का?

उत्तर : ‘वंशावळ’ शेळीपालकांच्या रोजच्या बोलण्यात आहे, पण ती बोकडाची वंशावळ असते, कोणाचा कोण, हे तीत पिढीवार सांगता येते. विषाणूच्या बाबतीत आपण फक्त फांदी दाखवतो, म्हणून ‘वंशशाखा’ अधिक नेमका.

‘बुळकांडी’त पातळ हगवणीचा अर्थ आहे आणि हगवण पीपीआरमध्येही असते, त्यामुळे तो शब्द शेळ्यांच्या रोगाला चिकटणे स्वाभाविक होते. गाई-म्हशींच्या बुळकांडीचा आणि पीपीआरचा असे दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत. १९८७ साली तमिळनाडूतील अरसूर येथे पीपीआर ओळखला जाण्यापूर्वी शेळ्या-मेंढ्यांतील अशा आजाराला बुळकांडीच समजले जाई. पण गाई-म्हशींची बुळकांडी २०११ साली जगातून संपल्याचे जाहीर झाले आहे. नुसते ‘बुळकांडी’ लिहिले तर ती परत आली असे जुन्या शेतकऱ्याला वाटेल. पहिल्या उल्लेखात ‘शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी म्हणजेच पीपीआर’ आणि पुढे फक्त ‘पीपीआर’ असे लिहावे.

याच संदर्भात ‘मावा’ (शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडाला फोड आणणारा आणखी एक विषाणूजन्य रोग) हा शब्दही अहवालात तपासून पाहावा. तोंडाला फोड दिसले की वाड्यावर सरसकट मावा म्हणतात. माव्यात खपल्या मुख्यतः ओठांवर आणि तोंडाच्या कडेला असतात. पीपीआरमध्ये ताप चढतो, डोळ्यांतल्या घाणीने पापण्या चिकटतात आणि ओठ उलटून पाहिला तर हिरड्यांवर कोंडा शिंपडल्यासारखा पांढुरका थर दिसतो. रूपांतरकाराने दोन्ही रोगांना ‘मावा’ लिहिले असेल, तर वाचणारा ओठ उलटून पाहणारच नाही.