मदत हवी आहे: रेकॉर्ड प्लेअर हळू फिरतोय आणि गुणगुणतोय

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा. आप्पांचा जुना रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून खाली काढला. बारा वर्षं गोणपाटात होता, आणि आपल्याकडचा मे महिना म्हणजे पत्र्याखाली भट्टीच.

पहिला प्रश्न वेगाचा. गाणारी बाई झोपेत गातेय असं वाटतं. तबकडीवर कागदाचा कपटा चिकटवून फेरे मोजले. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला ३ मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत, माझे ९३ भरले. रबरी पट्टा सैल पडलाय. कोणीतरी सांगितलं म्हणून गरम पाण्यात बुडवून आवळून पाहिला. चार दिवस बरा चालला, पुन्हा तेच. मोटरच्या पुलीवर काळा चिकट थर होता, तो स्पिरिटने पुसला. मधल्या दांड्याला तेलाचा एक थेंबही दिला. आता नवा पट्टा मागवायचा तर माप कसं घ्यायचं? जुना ताणलेला असल्याने त्याचं माप धरता येत नाही ना?

दुसरं, स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा आवाज. सुईच्या दांडीला हात लावला की कमी होतो, म्हणून मला अर्थिंगचा संशय आहे. मागची बारीक वायर उंदराने कुरतडलीय. ती अॅम्प्लिफायरच्या बॉडीला जोडली तर पुरे?

जळगाव, धुळे, भुसावळकडे अजून हात चालवणारा मिस्त्री असेल तर सांगा भो. इथल्या दुकानदाराने ‘भंगारात द्या’ म्हटलं. आई म्हणते, “फेकू नको, तुन्हा आप्पानी याद शे ती.”