वाचक जमवायला दारोदार फिरावं का?

आखाजी (पारोळा):
परवा अमळनेरला एका कार्यक्रमात एक ज्येष्ठ लेखक म्हणाले, "लिहिणाऱ्यानं लिहावं, वाचक शोधत येतो. फॉलोअर मोजत बसणारा लेखक नव्हे." टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय.

सोशल ब्लॉगिंगवर लिहायला लागून मला चार वर्षं झाली. पहिलं वर्ष मी हेच केलं, लिहिलं आणि वाट बघितली. पाऊस, आई, एकटेपणा असले विषय, पुस्तकी भाषा, खाली #मराठी आणि #कविता. वर्षाअखेर ४१ फॉलोअर, त्यातले १२ आमच्याच शाळेतले.

मग श्रावणात कानबाईवर, आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणावर लिहिलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, सोमवारी नदीवर पोचवतात. सणाची माहिती मी दिलीच नाही, फक्त रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे गहू घेतानाची वेळ लिहिली. आमच्या घरात एकेकाच्या नावानं मुठीनं गहू घेतात. सुरतला गेलेल्या काकांची मूठ भरताना आजी थांबली, नाव दोनदा घेतलं आणि मग गहू परातीत सोडले. बस, एवढंच. खाली #कानबाई आणि #रोट.

दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाची कमेंट: "रात्रपाळी सातला सुटली, उधना स्टेशनाबाहेर उभ्यानं वाचलं. माझ्या नावाची मूठ घेतात का, ते आता घरी फोन करून विचारतो."

हा वाचक कधीपासून होताच की! #मराठीच्या गर्दीत मी त्याला सापडले नसते. तेव्हापासून नेमक्या गोष्टीचं नेमकं नाव देते, ठरल्या दिवशी लिहिते आणि रोज अर्धा तास दुसऱ्यांचं वाचून त्यांना कळवते. लग्नाची नुसती पत्रिका पाठवली तर आपल्याकडे भाऊबंद रुसतात, अक्षता घेऊन घरी जावं लागतं. वाचकांकडेही तसंच जावं, त्यात कमीपणा कसला? तुमचं मत सांगा.

कांदेबाग (रावेर):
ताई, कानबाईचा लेख मी वाचलाय, उत्तम आहे. पण दारोदारचं नाही पटलं.

मी तीन वर्षं असल्याच एका गटात होतो. पन्नासेक जण. सकाळी सगळ्यांनी आपापली लिंक टाकायची, रात्रीपर्यंत सगळ्यांनी सगळ्यांना कमेंट द्यायची. त्यात एकदा मी आमच्या केळीत सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला त्याबद्दल लिहिलं. पानं पिवळी पट्टेरी पडली, झाडं उपटून बांधाबाहेर नेऊन जाळली. त्याखाली नऊ जणांनी लिहिलं, "अप्रतिम!", "खूप सुंदर, लिहीत राहा." त्याच दिवशी गट सोडला.

असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना कोणते फॉलोअर होते? रांधताना, दळताना, शेतात गाणी झाली. १९५१ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९५२ मध्ये आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. खरं असेल ते टिकतं.

खापर (धुळे):
मुद्दा भाषेचा आहे. ताईंनी पुस्तकी मराठी सोडली आणि माणसं आली. आता पूर्ण अहिराणीतच लिहा, बहिणाबाईंनी लिहिलं तसं.

कांदेबाग (रावेर):
दादा, ती लेवा बोली. आमच्या रावेर-यावलची, जळगावकडची. साक्री-शिरपूरची अहिराणी वेगळी. खान्देश म्हटलं की सगळी अहिराणी, असं करू नका.

खापर (धुळे):
चुकलो, मान्य. पण बोलीत लिहावं, हे म्हणणं कायम.

आखाजी (पारोळा):
खापरदादा, माणसं बोलतात ते अहिराणीत ठेवते, सांगणं मराठीत. सुरतला वाढलेल्या पोरांना अहिराणी ऐकून कळते, पण वाचताना अडखळतात. मला तीही पोरं हवी आहेत.

कांदेबागदादा, बहिणाबाईंचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं. गाणी सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी उतरवून ठेवली. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली. दार ठोठावलंच की, आईच्या वतीनं लेकानं ठोठावलं! अशी किती जात्यावरची गाणी आपल्या आज्यांबरोबर गेली, ज्यांची वही कुणी कुठे नेली नाही? खरं ते टिकतं, असं म्हणताना आपण फक्त टिकलेलंच बघत असतो.

आणि साने गुरुजी. अमळनेरच्या वसतिगृहात असताना मुलांसाठी ते हातानं लिहून दैनिक काढायचे, छात्रालय दैनिक. वाचक किती, तर तेवढी मुलं. लिहिणारा आणि वाचणारे एकाच छपराखाली. 'साधना' साप्ताहिक निघालं ते पुढे, १९४८ मध्ये. वाचकांजवळ जाणं गुरुजींना हलकं वाटलं नाही.

वाट बघायचीच म्हटली तर साहित्य संमेलन अमळनेरला १९५२ मध्ये झालं, त्यानंतर पुन्हा यायला २०२४ उजाडलं. तेवढं थांबायची माझी तयारी नाही.

पाटचारी (जळगाव):
तुमच्या दोघांच्या वादात एक गोष्ट राहतेय. घर कुणाचं? प्लॅटफॉर्म भाड्याचा असतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. माणसं जमवायला खुशाल तिथं जावं, पण लिहिलेल्या प्रत्येक ओळीची प्रत आपल्याकडे हवी आणि नेहमीच्या वाचकांचे ईमेल पत्ते वहीत हवेत. मी एका लहान मराठी संकेतस्थळावर सहा वर्षं लिहिलं. ते एका रात्रीत गेलं आणि माझ्याकडे एकही प्रत नव्हती. आईच्या आजारपणाबद्दल त्या-त्या दिवशी लिहून ठेवलं होतं. आता आठवून लिहायला बसलो तर तारखाही जुळत नाहीत.

रात्रपाळी (सुरत):
मी लिखस नही, फक्त वाचस. ताईंनी वर सांगितलेला माणूस मीच.

वाचकाला कुणी विचारत नाही म्हणून बोलतो. दारोदार वगैरे मला कळत नाही. मला ताईंचा गुरुवार कळतो. गुरुवारी रात्री लेख येतो, शुक्रवारी सकाळी सुटल्यावर मी वाचतो. मधे तीन आठवडे आला नाही तेव्हा मी जुने उघडून वाचले. आणि कमेंटला उत्तर येतं. लूमवर बारा तास कुणाशी बोलता येत नाही, आवाजच तेवढा असतो. सकाळी कुणीतरी नाव घेऊन उत्तर दिलेलं असतं, त्याची किंमत मला माहीत आहे.

एक तक्रार आहे. तो कानबाईचा लेख आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. वर सूर्योदयाचा फोटो आणि नाव गाळलेलं. मी खाली ताईंचं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी तोच लेख पुन्हा बिननावाचा आला. पुन्हा लिहिलं. घरी म्हातारीला वाचून दाखवला तर म्हणाली, "भाऊ, हाई ते आमना घरनंच शे."

कांदेबाग (रावेर):
बघा ताई. त्या ग्रुपवर शे-दोनशे माणसं असतील. त्या माउलीला लेख स्वतःच्या घरचा वाटला. तुमच्या फॉलोअरच्या आकड्यात ती कुठे आहे? म्हणून म्हणतो, मोजू नका आणि अर्धा तासही घालवू नका. केळीला बुंध्याशी पील फुटतात. सगळे ठेवले तर घड भरत नाही, म्हणून आम्ही ते कापत राहतो. दुसऱ्यांच्या दारात जाणारा वेळ म्हणजे ते पील. तुमचा घड बारीक राहील.

आखाजी (पारोळा):
दादा, सगळे कापता का? एक ठेवताच ना? नाहीतर पुढचं पीक, खोडवा, कशावर घ्याल?

पण तुमचं अर्धं बरोबर आहे. रोज पंधरा-वीस ठिकाणी जाते आणि घाईत दोन ओळी टाकून निघते, हे खरंय. तुमच्या गटातल्या त्या नऊ जणांसारखं मीही कुणाच्या दुःखाखाली "सुंदर" लिहिलं असेल, या विचारानं काल झोप नीट लागली नाही. आजपासून दोनच लेख वाचीन, पण शेवटपर्यंत. पाटचारीदादांचं ऐकून रात्री सगळे लेख उतरवूनही घेतले. बिननावाच्या फॉरवर्डचा मला त्रास होतो, तो मी लपवणार नाही. नाव गेलं की त्या माउलीला मला उत्तर देता येत नाही.

आजच्या दोनांतला पहिला लेख तुमचा सीएमव्हीचा. शोधून वाचला. झाडं जाळली तेव्हा वडील बांधावर बसून होते, असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. ते काय म्हणाले?

कांदेबाग (रावेर):
काही म्हणाले नाहीत. कोयता धुतला, पुसला आणि घरी आल्यावर नेहमीच्या खुंटीला न अडकवता माळ्यावर टाकला. पुढची लागवड होईपर्यंत तो तिथंच होता.

हे लेखात यायला हवं होतं. इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. आज रात्री लिहितो, शेतातल्या पाण्याच्या मोटारीची लाइट आमच्याकडे रात्रीच असते, जागाच असतो. फॉलोअर मोजण्याबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

रात्रपाळी (सुरत):
भाऊ, सातच्या आत टाका.