नववी-दहावीचा पी.टी.चा तास : बारा जणांचा की अठ्ठावन्न जणांचा?

घुंगूरकाठी (धागा काढणारा) :

मुख्याध्यापकांनी जूनपासूनचं नववी-दहावीचं शारीरिक शिक्षणाचं वार्षिक नियोजन मागितलंय. दरवर्षी मागतात आणि दरवर्षी मी गेल्या सालच्याच कागदावर तारखा बदलून देतो. यंदा अजून दिलेलं नाही.

झालं असं की जानेवारीत एका तुकडीवर मी मनगटी घड्याळ लावून बसलो. तुकडी 58 ची, तास 35 मिनिटांचा. तिसऱ्या मजल्यावरून खाली येणं, रांग, हजेरी यात 8 मिनिटं गेली. मग क्रिकेट, कारण पोरांना तेच हवं असतं आणि मलाही ते सोपं जातं. सीमेवर उभ्या असलेल्या एकाच मुलाकडे मी बघत राहिलो. चेंडू त्याच्या बाजूला दोनदा आला, त्यातला एक दुसऱ्यानेच पळत येऊन उचलला. घंटा होईपर्यंत हा गडी जेमतेम दीड मिनिट पळाला. आणि तो 'खेळणाऱ्यांत' होता बरं का! तीसेक जण चिंचेखाली बसून होते.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं चांगली दम लागेल अशी हालचाल सांगते. आठवड्याला दोन तासांत ते होणार नाही हे मलाही कळतं. पण दीड मिनिट?

म्हणून नियोजन खेळांच्या यादीवरून न करता पावसावरून आणि मुलांच्या संख्येवरून करायचं ठरवलंय. जून ते ऑगस्ट आमचं मैदान म्हणजे चिखल. तेव्हा व्हरांड्यात आणि सभागृहात सूर्यनमस्कार, जोर-बैठका, दोरीउड्या. गणपती उठले की मैदान वाळतं, तिथून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लगोरी, लंगडी, आट्यापाट्या, पण आठ-आठ जणांच्या गटात, एका वेळी सात डाव. थंडीत धावणं. फेब्रुवारीत दहावी हातची जातेच, तिच्यासाठी काही लिहीत नाही. एकच नियम : बाद झालेला बाहेर बसणार नाही, शेजारच्या डावात जाणार. आणि शाळेच्या संघाचा सराव या दोन तासांत करायचा नाही.

बोला.

सूर_मारला :

शेवटच्या ओळीला सपशेल विरोध. 22 वर्षं खो-खो शिकवतोय म्हणून अधिकाराने बोलतो.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही विजेतेपदं भारताची. कर्णधार कोण? प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. माण तालुक्यातली ललिता बाबर 2016 ला रिओमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, ती शाळेत खो-खो खेळायची. असे खेळाडू आठ-आठ जणांच्या लगोरीतून निघत नाहीत हो. खुंट मारायला, हूल द्यायला, तीन मिनिटं साखळी करून टिकायला रोज तेच तेच घोटून घ्यावं लागतं.

तुम्ही म्हणाल, शाळा सुटल्यावर घ्या सराव. माझ्या संघातल्या 12 मुलींपैकी 9 वाड्यावस्त्यांवरून येतात. पावणेसहाची एसटी चुकली तर पुढची नाही. तालुक्याच्या स्पर्धा ऐन पावसाळ्यात लागतात. मग या पोरींनी सराव करायचा कधी, स्वप्नात? तुमच्या न्यायात सगळे थोडेथोडे हलतील आणि खेळाडू एकही होणार नाही.

घुंगूरकाठी :

एसटीचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. आमची शाळा गावातच आहे, पोरं सहा वाजेपर्यंत थांबतात. पण सर, खो-खोचंच गणित मांडा. आठ जण बसलेले, एक पाठलागावर, तीन जण पळणारे. म्हणजे एका वेळी मैदानात 12. दोन्ही संघ मिळून 24 धरले तरी माझ्या तुकडीतले 34 उरतात. ते कुठे जातात ते तुम्हालाही माहीत आहे.

बीजगणित :

मी गणित शिकवते, आणि कबुली देते की पी.टी.चे तास मी घेतलेत. मागून नाही, आपसूक मिळाले. नोव्हेंबर लागला की पी.टी.चे सर स्वतःच विचारतात, "मॅडम, तास हवाय का?" पोर्शन राहिलेला असतो, निकाल माझ्या नावावर लागतो, सभेत पालक मलाच धरतात.

तुमचं नियोजन कितीही छान असलं तरी नववी-दहावीला 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' हा श्रेणीचा विषय आहे. टक्क्यांत धरत नाहीत. मैदानावर पाऊल न ठेवलेल्यालाही 'अ' मिळतो. ज्याचे गुण नाहीत त्याचा तास कोणीही उचलतो. उद्या 50 गुणांचा करा आणि टक्केवारीत धरा. बघू कोण हात लावतं त्या तासाला. माझी तरी हिंमत होणार नाही.

दोघींची_आई :

बीजगणित ताई, कृपा करून हे कुणाला सुचवू नका.

माझ्या धाकटीला दमा आहे. थंडीत 600 मीटर धावली तर रात्री पंप काढावा लागतो. ती पोहते, झाडांवर चढते, माझ्यापेक्षा जास्त चालते. पण घड्याळ लावलं की ती वर्गात शेवटची. त्याचे गुण धरणार? शिवाय अंतर्गत मूल्यमापनाच्या 20 गुणांचं शाळांनी काय केलं ते आपण बघतोच आहोत, 20 पैकी 20 ची खिरापत. पी.टी.चंही तेच होईल, नाहीतर मे महिन्यात '600 मीटर क्रॅश कोर्स'चे फलक लागतील. तेही वातानुकूलित.

बीजगणित :

पंपाचं पटलं. क्लासचंही, दुर्दैवाने. पण मग तास वाचवायचा कसा ते कोणी सांगत नाही. नियोजनाची फाईल तास वाचवत नाही.

सूर_मारला :

चाचणी नको, गुण नको, स्पर्धा नको. मग पोराला आपण सुधारलो की नाही हे कळणार कशावरून?

घुंगूरकाठी :

चाचणी नको असं मी म्हटलेलं नाही. खेलो इंडियाच्या चाचण्या आहेतच : 50 मीटर धाव, 600 मीटर धावणं किंवा चालणं, जोर, पोटाचे अर्धे उठाव, बसून पुढे वाकणं. मी त्या जुलैत आणि जानेवारीत घेणार. आकडा ज्याच्या त्याच्या वहीत, ज्याने त्याने लिहायचा आणि स्वतःच्याच जुन्या आकड्याशी ताडायचा. वजन मात्र मी रांगेत करणार नाही. एकदा केलं होतं, मोठ्याने आकडा वाचत. त्या मुलाला पोरांनी दहावीचा निरोप समारंभ होईपर्यंत त्या आकड्याने हाक मारली. ती चूक माझी.

आणि दम्याच्या मुलीने 600 मीटर चालावं. चाचणीच्या नावातच 'चालणं' आहे, आपणच ते गाळतो.

ओढणी_कमरेला :

सर, एक साधा प्रश्न. चिंचेखाली बसलेल्या तिसांपैकी मुली किती?

घुंगूरकाठी :

24. मुद्दामच लिहिलं नव्हतं बहुतेक.

ओढणी_कमरेला :

वाटलंच. सातवीपर्यंत मी लंगडीत मुलांना बाद करायचे. नववीत त्याच चिंचेखाली, म्हणजे आमच्याकडे वड होता, जाऊन बसले. आळस नव्हता. गणवेशाचा स्कर्ट होता, उडी मारली की वरच्या मजल्यावरून शिट्टी यायची. पाळीच्या दिवसांत मैदानावरून स्वच्छतागृहाकडे धावणं म्हणजे सगळ्या शाळेला सांगणं. आणि तिथे नळाला पाणी नसायचं. सरांना 'बरं नाही' सांगितलं की सर मान हलवायचे, कारण त्यांनाही तो विषय नको असायचा.

लगोरी असो की खो-खो, या 24 जणी उठणार नाहीत. तुमच्या नियोजनात पावसाचा विचार आहे, याचा नाही. पी.टी.च्या दिवशी मुलींना सरसकट ट्रॅकपँट घालून येऊ द्या. स्वच्छतागृहाची किल्ली तासाच्या वेळी बाईंकडे असू द्या. आणि 'आज चालणार, पळणार नाही' असं मुलगी म्हणाली तर कारण विचारू नका. याला पैसे लागत नाहीत.

सूर_मारला :

ताईंशी सहमत. माझ्या संघातल्या मुली पळतात कारण त्यांना शॉर्ट्स मिळालेत आणि बघणाऱ्यांना मी हाकलतो. संघाबाहेरच्यांसाठी हे केलं नाही, हेही खरं.

फाटक_बंद :

गावाकडच्यांचं बरं आहे, भांडायला मैदान तरी आहे. आमची शाळा मुंबईत, चार मजली, आणि मैदान म्हणजे स्कूलबस लावायची जागा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात खेळाचं मैदान आहे, पण तो कायदा आठवीपर्यंतचा. नववीत गेलं की मुलाला पाय नसतात असं समजायचं का? दोन तुकड्यांना मिळून एक गच्ची, तीही उन्हात तापलेली.

पाटीपेन्सिल :

दोरीचा मल्लखांब लावा की. वरती एक भक्कम हूक, खाली गादी. बाळंभट्टदादा देवधरांची परंपरा आहे आपली.

फाटक_बंद :

परंपरेला वंदन. पण एका दोरीवर एका वेळी एक मुलगा चढतो, 57 जण बघतात. धागा वाचलात ना? आणि शिकवायला माणूस कोण? आमच्याकडे पी.टी.ला चित्रकलेचे सर येतात.

कडक_सॅल्यूट :

यापेक्षा कवायत बरी. 58 जण एकदम, साहित्य शून्य, गच्चीवरही होते. जून 2025 मध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे पहिलीपासून प्राथमिक लष्करी प्रशिक्षणाचं, माजी सैनिकांची मदत घेण्याचं बोलले होते. व्हायलाच हवं. शिस्त लागली की बाकी सगळं आपोआप येतं.

दोघींची_आई :

सावधान-विश्राममध्ये हलतं कोण? शिटी वाजवणारे सर.

घुंगूरकाठी :

माझं टोपणनाव बघा, कवायतीला मी कसा नाही म्हणेन? लेझीम आणि घुंगूरकाठीत 58 जण खरंच घामाघूम होतात, गच्चीवरसुद्धा. फाटक_बंद, तुमच्या चित्रकलेच्या सरांना ताल येत असेल तर बराच मार्ग निघेल. नुसती पायाला पाय लावून उभं राहण्याची कवायत मात्र 15 ऑगस्टच्या आधीचे दोन आठवडे पुरे.

मूळ कागदात तीन बदल केलेत. ऑगस्ट-सप्टेंबरात आठवड्यातला एक तास, ज्या मुलांची एसटी सुटते त्यांच्या संघसरावाला. माझ्या शाळेत अशी दोनच मुलं आहेत, पण कागद दुसऱ्याही शाळेत जाईल. ट्रॅकपँट आणि किल्ली, दोन्ही मुख्याध्यापकांच्या सहीने. दहावीचा तास पूर्वपरीक्षेपर्यंत चालूच, निदान 20 मिनिटं धावण्याचा. हा तिसरा बदल बहुधा खोडला जाईल.

बीजगणित :

खोडला जाईल. मीच खोडायला लावेन कदाचित. पण 20 मिनिटंच असतील तर उरलेली 15 मला द्या, भांडण नको.

सूर_मारला :

एक तास मिळाला, तूर्त तलवार म्यान. पण सात लगोऱ्या एका मैदानावर कशा बसवणार? एकाचा चेंडू दुसऱ्याच्या डोक्यात.

घुंगूरकाठी :

चुन्याने आखून बघितलं. डाव अंगाला अंग लावून येतात, पण सगळ्यांनी एकाच दिशेला नेम धरला तर जमतं. ठिकऱ्या शाळेच्या जुन्या कौलांच्या. चेंडू सात लागतील, क्रीडा शुल्कातून चार मंजूर झालेत.